तात्यांची खिचडी

हैदराबादच्या इसामिया बाजारातल्या तात्यांनी अन्नदानाचे तीन नियम घालून घेतले होते. वाढताना कुणाचं नाव विचारायचं नाही. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आणि पातेलं रिकामं झालं की मागे वळून न पाहता थेट घर गाठायचं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे व्रत धरलं. दुपारी साडेबाराच्या सुमारास कोठीच्या कान-नाक-घशाच्या सरकारी दवाखान्याबाहेर त्यांचा ऑटो थांबे. ऑटोवाला पातेलं उतरवून फुटपाथवर ठेवी. तात्या शर्टाच्या बाह्या दुमडत, पितळी डाव हातात घेत आणि समोर आलेल्या प्रत्येक द्रोणात एकेक डाव खिचडी टाकत जात. नजर द्रोणावर, फार तर द्रोण धरणाऱ्या बोटांवर. खिचडी झणझणीत असे. आलं, हिरवी मिरची, काळा मसाला, वरून मोहरी-लसणाची फोडणी. काकूंच्या हाताला चव होती आणि तात्यांना अळणी खपत नसे. पाऊण तासात पातेलं संपलं की तात्या ऑटोत बसत, घरी येऊन हातपाय धूत आणि ज्ञानेश्वरी उघडत.

असं व्रत या वस्तीत कुणाला वेगळं वाटलं नाही. कर्कपॅट्रिक नावाच्या इंग्रज रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आपली प्रचंड कोठी बांधली आणि तिच्या भोवतीच्या बाजारांवर पुढे इंग्रजांचा अंमल राहिला. निजामाच्या पोलिसांचा हात तिथे सहज पोचत नसे. त्या आडोशाला सभा, वाचनालयं, शाळा उभ्या राहिल्या. आर्य समाज 1892 मध्ये आला, तेलुगू मंडळींचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 मध्ये आणि मराठी ग्रंथ संग्रहालय 1922 मध्ये. केशवराव कोरटकरांसारखे वकील अशा कामांच्या पाठीशी उभे राहिले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि 1915 मध्ये छापून आलेलं ‘गीतारहस्य’ इथल्या घराघरांत पोचलं. भगवी वस्त्रं घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात गेले, तेव्हा संन्यास म्हणजे हात झटकून बसणं नव्हे हे इथल्या माणसाला पुस्तकाबाहेरही दिसलं. थोडक्यात, गीता म्हटली की कोठीतला मराठी माणूस कर्मयोगच ऐकतो. त्यातून तो काय उचलतो, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा भाग.

तात्यांच्या घराण्यात तर एक दंतकथाच होती. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीने हैदराबाद धुऊन नेलं. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली म्हणतात. आज उस्मानिया दवाखान्याच्या आवारात जी जुनी चिंच दाखवतात, तिच्या फांद्यांवर चढून दीडेकशे जीव वाचले. त्या दिवसांत तात्यांच्या आजोबांनी घरातली तांदळाची पोती काठावरच्या लोकांना वाटली आणि मरेपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. आजोबांनी हे कुणालाच सांगितलं नाही, असं त्या घरात शंभर वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगितलं जातं. तो पितळी डाव आजोबांचाच.

गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा निवृत्त मंडळी तात्यांकडे गीता वाचायला जमत. कुणी विचारी, “तात्या, आज किती जण जेवले?” तात्या हसत आणि हात आकाशाकडे करत. “मोजलं की फळ आलं. फळ आलं की गाठ आली. आपण वाढावं आणि निघावं.” मंडळी माना डोलवत. हा विचार तसा सोपा आणि गोड आहे. कचेरीत चुकीचा कागद पुढे सरकवणारा कारकून, शिकवून मोकळा होणारा आणि मुलाला कळलं की नाही हे न बघणारा मास्तर, औषध लिहून नजर न उचलणारा डॉक्टर, या सगळ्यांना तो आपापल्या परीने सोयीचा पडतो. तात्या त्यांच्यातले नव्हते, ते खरेच मनापासून करत. म्हणूनच त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आळशाच्या गोष्टीतून काय शिकणार?

एका मंगळवारी पातेलं ऑटोत चढलं आणि डाव फुटपाथवरच राहिला. पुतळीबावलीच्या नाक्यावर तात्यांच्या ते लक्षात आलं. आजोबांचा डाव! “फिरव, फिरव,” ते ऑटोवाल्याला म्हणाले. माणसांसाठी जो नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, तो एका डावासाठी मोडला. हे त्यांच्याही ध्यानात यायचं होतं, पण जरा नंतर.

दवाखान्याच्या भिंतीच्या कडेला, चहाच्या गाड्यामागे, त्यांना जे दिसलं ते असं. दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. निम्म्यांच्या हातातले द्रोण तसेच भरलेले. काहींच्या गळ्याला पट्ट्या. एक सहा-सात वर्षांचं पोर तोंड मिटून हुंदके देत होतं, कारण मोठ्याने रडताही येत नव्हतं. आणि लुगड्याचा पदर खोचलेली साठीची एक बाई त्यांच्या हातांतले द्रोण गोळा करत होती. गोळा केलेली खिचडी ती उशिरा आलेल्या नातेवाइकांना, कानाच्या रोग्यांना, बाहेर बसलेल्या ऑटोवाल्यांना देत होती. चहावाल्याच्या शेगडीवर तिचं एक लहान भगुणं उकळत होतं. त्यातली तांदळाची पातळ पेज ती फडक्यातून गाळून वाटीत ओतत होती आणि फुंकर घालून निववत होती. डाव तिच्याच हातात होता. त्यानेच ती पेज ढवळत होती.

“बाई, हे काय चाललंय?”

“लेकराला पेज द्यायलेय.”

“मी आत्ताच तर खिचडी वाढून गेलो.”

“वाढलाव की. पर काल गिलट्याचं आप्रेशन झालंय त्याचं. घसा सोलून निघालाय. मिरची लागली की तडफडतंय.”

तात्यांनी पहिल्यांदाच त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कडेला हळद-मिरचीचा पिवळा डाग होता. त्याने एक घास खाऊन पाहिला असणार.

“तुम्ही हे केव्हापासून करताय?”

“तुम्ही यायलाव तवापास्नंच.”

“मला सांगायचं होतं एकदा तरी!”

“सांगणार कवा? तुम्ही बघतच नव्हताव.”

माणूस अडचणीत सापडला की तत्त्वज्ञानाचा आधार घेतो. तात्यांनीही घेतला. जरा सावरून, समजावणीच्या सुरात ते म्हणाले, “हे बघा बाई, आपण आपलं काम करावं. पुढचं फळ आपल्या हातात नसतं.”

“फळ कुठलं हो काका,” बाई म्हणाली, “केळंसुदिक गिळंना त्याला.”

चहावाला फस्सकन हसला. तात्या डाव घेऊन निघाले.

चहावाल्याकडूनच त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं ते एवढंच. ती बाई, म्हणजे मावशी, देगलूरकडची. नांदेडच्या गाड्या काचीगुड्याला येतात, तिथून कोठी जवळ. त्या वाटेने मराठवाड्यातले किती रोगी या दवाखान्यांत येत असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मावशी नवऱ्याला घेऊन अशीच आली होती. तंबाखूने धरलेला घसा. तो गेला, ही गावाला परतली नाही. पुतळीबावलीच्या एका खानावळीत सकाळ-संध्याकाळ भांडी घासते आणि दुपारची सुट्टी इथे घालवते. नवऱ्याला शेवटी एक घोट पाणी उतरायला किती वेळ लागायचा, हे तिने दोन महिने मांडीवर डोकं घेऊन पाहिलं होतं. त्याबद्दल ती स्वतः कधी बोलत नसे.

घरी तात्यांनी झालं ते काकूंना सांगितलं. सांगताना सूर तक्रारीचा होता. काकू तांदूळ निवडत होत्या. त्या गुरुवारच्या मंडळात बसत नसत, चहा आणून देत आणि दाराआडून ऐकत. ऐकून ऐकून त्यांची गीता बरीच पाठ झाली होती, हे मंडळातल्या कुणाला माहीत नव्हतं.

“सतरावा अध्याय तुम्हीच वाचलात ना गेल्या महिन्यात?” त्या म्हणाल्या. “दान करताना देश बघावा, काळ बघावा, ज्याला द्यायचं तो कोण हे बघावं, असं त्यात आहे. परतफेडीची आशा नको म्हटलंय. बघायचं नाही असं कुठं म्हटलंय?”

“अगं पण अनासक्ती...”

“घसा कापलेल्या माणसाला मिरचीची खिचडी वाढायची आणि तोंड फिरवायचं, त्याला अनासक्ती म्हणत असाल तर म्हणा. त्याच अध्यायात तिसऱ्या प्रकारचं दान सांगितलंय. आदर न ठेवता, वेळकाळ न बघता दिलेलं. त्याला काय म्हटलंय ते तुम्हीच वाचा.” मग त्या जरा नरमल्या. “विनोबा तरी दुसरं काय म्हणतात? नुसतं हातांनी केलेलं काम कोरडं राहतं, त्याच्या जोडीला आत मन लागतं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये कैद्यांना गीता सांगितली त्यांनी, आणि साने गुरुजींनी बसून ती लिहून घेतली. समोर कोण बसलंय हे न बघता सांगितली असती तर कैद्यांना कळली असती का?”

तात्या त्या रात्री जेवले नाहीत. राग होता की लाज, हे त्यांनाच उमगलं नसावं.

कोठीच्या महिला महाविद्यालयाजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा यांच्या ढिगाऱ्यांत कधी कुणा मेलेल्या वकिलाचं मराठी कपाटही मिसळलेलं असतं. तिथल्या एका पुस्तकवाल्या चाचांशी तात्यांची जुनी ओळख. चाचांना सूफी संतांच्या गोष्टींचं वेड, आणि अमजद हैदराबादी या रुबाईकाराचं त्याहून जास्त. 1908 च्या पुरात अमजदांची आई, बायको आणि मुलगी वाहून गेली आणि ते एकटे मागे राहिले, हे चाचा असं सांगत जणू ते कालच घडलं आहे.

तात्यांनी मन मोकळं केलं. चाचा पुस्तकांवरची धूळ फडक्याने झटकत ऐकत राहिले. मग म्हणाले, “राबिया बसरीचा किस्सा तुमको मालूम?”

तात्यांना ठाऊक होता आणि अतिशय आवडत होता. आठव्या शतकात बसऱ्यात होऊन गेलेली ही संत बाई एकदा एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन रस्त्यातून धावत निघाली. कुठे निघालीस, विचारल्यावर म्हणाली, स्वर्गाला आग लावायला आणि नरक विझवायला. म्हणजे मग लोक लालूच आणि भीती सोडून देवावर देवासाठीच प्रेम करतील. तात्यांनी ही गोष्ट गुरुवारी दोनदा तरी सांगितली होती.

“हौ,” चाचा म्हणाले. “अब मेरेकू ये बताव. राबिया धावायली, रस्त्यात एक पोट्टा तहानेने पडलेला दिसला. हातात पाणी है. वो क्या करती?”

तात्या थांबले. “पाणी देईल त्याला.”

“फिर दोजख?”

“राहील एक दिवस जळत.”

“बस,” चाचा म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशीपासून खिचडीतली मिरची गेली. काकूंनी मूग-तांदूळ मऊ शिजवून घोटले. दोन पातेली निघू लागली, एक भरड खाणाऱ्यांसाठी, एक पेजेचं. मावशीने तात्यांना शिकवलं. टॉन्सिलवाल्याला गार लागतं, गरम चालत नाही. नाकातून नळी असलेल्याला आपण काहीच द्यायचं नाही, आधी सिस्टरला विचारायचं, ती सांगेल तेवढंच आणि तसंच, कपड्यातून दोनदा गाळलेलं. म्हाताऱ्यांना भूक नसते, त्यांच्याजवळ बसावं लागतं. वाटी हातात देऊन निघून गेलं की ती वाटी सुनेच्या किंवा पोराच्या पोटात जाते. तात्या बसू लागले. नावं विचारू लागले. उदगीर, बिदर, भोकर, निजामाबाद. त्यांना मजा वाटू लागली. इतकी वर्षं द्रोण आणि बोटं पाहिली होती, आता त्या बोटांना माणसं फुटली.

गोष्ट इथे संपवता आली असती. पुष्कळ बोधकथा इथेच संपतात, चुकलेला माणूस सुधारतो आणि सगळे पेज पितात. पण तात्या बँकेतले होते.

त्यांनी वही घातली. तारीख, नाव, गाव, आजार, किती वाट्या, पूर्ण घेतली की टाकली. शस्त्रक्रिया कोणत्या वारी जास्त होतात याची नोंद. पातळ, मध्यम, घट्ट असे तीन प्रकार. सुरुवातीला वही कामाची होती, मावशीलाही ती पटली. हळूहळू वही तात्यांना चालवू लागली. कुणी वाटी अर्धी टाकली की त्यांचा चेहरा उतरे. कुणी बरा होऊन गावाला जाताना पाया पडायला विसरला तर संध्याकाळी काकूंना त्याचं नाव ऐकावं लागे. गुरुवारच्या मंडळात आता आकडे येऊ लागले. मंडळी तेव्हाही मान डोलवत.

नायगावकडचे एक म्हातारबाबा होते. त्यांच्या घशात गाठ होती. तात्यांचा त्यांच्यावर जीव जडला. रोज चमच्याचमच्याने ते त्यांना भरवत. एका दुपारी बाबांची खाट रिकामी दिसली. तात्या फुटपाथवर आले आणि मावशीवरच घसरले. “काल तुम्ही पेज फार पातळ केलीत. अंगी काय लागणार? मी सांगत होतो घट्ट ठेवा म्हणून.”

मावशीने ऐकून घेतलं. “काल दोन वाट्या घेतल्या त्यांनी,” ती म्हणाली. “दुसरी मागून घेतली. चांगलं वाटलं त्यांना काल.” आणि तिने पुढच्या बाईची वाटी घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की पेजेची वाफ, तात्यांना दिसलं नाही. त्या दिवशी ते पुन्हा कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हते.

पावसाळा सरला तसा एक टेम्पो येऊ लागला. कुठल्याशा संस्थेचा. दोन्ही बाजूंना फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेली माणसं, आत स्टीलची मोठाली पिंपं. टी-शर्ट घातलेली चार-पाच पोरं उतरत आणि मोठ्याने रांग लावत. मऊ भात, दही, नाचणीची जावा म्हणजे पेजच, उकडलेली केळी. पेशंटला वेगळं, नातेवाइकांना वेगळं. रांग टेम्पोकडे वळली. तात्यांची दोन पातेली अर्धी भरलेलीच परत जाऊ लागली.

“फोटो काढायला येतात,” तात्या म्हणाले. “चार दिवसांचं नाटक. आपली जागा आहे ही. मी उद्या बोलतो त्यांच्याशी.”

मावशी तोवर टेम्पोकडे जाऊन आली होती. पिंपात डोकावली, बोटाला लावून चव घेतली, एका पोराला काहीतरी विचारलं, परत आली. “दही आंबट नाही,” ती म्हणाली. “जावा जरा गुठळ्या-गुठळ्याची हाय, पर शिकतील. रोज येणार म्हणायलेत. रविवारीसुदिक.” आणि ती भगुणं घासायला लागली. घासून झाल्यावर तिने ते पिशवीत टाकलं, फडकी पिळून वर ठेवली.

“निघालात?”

“व्हय. इथलं झालं की आता. उद्यापास्नं सुलतान बाजारच्या बाळंतिणीच्या दवाखान्याकडं बघते. रात्री उशिरा गाडीनं आलेल्या बायांना तिथं काही मिळंना म्हणायलेत. खानावळीची मालकीण रात्रीचा भात देते म्हणाली.”

तात्या अवाक झाले. “अहो, एवढं उभं केलंत तुम्ही. वाईट नाही वाटत?”

मावशीला प्रश्न नीट कळला नाही, असं तिच्या तोंडावरून दिसलं. “कशाचं वाईट? लेकरं खायलीत की.”

ती चहावाल्याला हात करून रस्ता ओलांडून गेली, मेट्रोच्या खांबांमधून, बांगड्यांच्या गर्दीतून. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा तसा काही नियम नव्हता. रस्त्यावर गाड्याच फार होत्या.

तात्या आठ-पंधरा दिवस घरातच राहिले. पाय दुखतो म्हणाले. मंडळातही उत्साह नव्हता. त्यांनी ‘गीतारहस्य’ काढलं, काही पानं उलटली, ठेवलं. कर्म सोडू नये हे त्यात ठायीठायी आहे, पण कर्मच आपल्याला सोडून टेम्पोत बसून गेलं तर काय, हे शोधायला त्यांनी सूचीही चाळली. काकूंनी या दिवसांत एक शब्द काढला नाही. फक्त तांदूळ निवडायचं काम त्यांनी थांबवलं नाही, आणि संध्याकाळी एक डबा भरून त्या सुलतान बाजाराकडे जाऊन येऊ लागल्या. कुठे जाता, तात्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एका सकाळी त्यांनी वही काढली आणि बँकेतला माणूस पासबुक तपासतो तशी पहिल्या पानापासून वाचली. आकडे त्यांना आता कंटाळवाणे वाटले. पण समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते वेगळं होतं: ‘गार हवी’. ‘बसून पाजावी, निजवून नको’. ‘मीठ शेवटी’. ‘सोमवारी रोगी जास्त’. ‘सून खाते, आधी तिला द्यावे म्हणजे सासूला मिळते’. हे त्यांचं नव्हतंच. मावशी बोलली होती, त्यांनी लिहून घेतलं होतं. नायगावच्या बाबांच्या नावापुढे मावशीने सांगितलेलं त्यांनी त्या दिवशी लिहिलं नव्हतं. पेन घेऊन त्यांनी लिहिलं: दोन वाट्या. दुसरी मागून घेतली.

दुपारी ते वही घेऊन टेम्पोपाशी गेले. पोरांतल्या म्होरक्याला त्यांनी ती दिली. हिंदीत, जमेल तेवढं समजावलं. पोरगं चांगलं होतं, “जी अंकल, थँक्यू अंकल” म्हणालं आणि वही ड्रायव्हरच्या सीटवर टाकली. दुसऱ्या दिवशी तात्या पाहायला गेले तर वही तिथेच, तिच्यावर कुणाचं तरी हेल्मेट. जावेत गुठळ्या तशाच. गळ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी घोट घेऊन खोकत होती.

तात्यांना घरी जाता आलं असतं. जुना नियम अजून पाठ होता. त्यांना तिथे उभं राहून भांडताही आलं असतं, की ही जागा आमची, हे काम आम्ही सुरू केलं. तेही ओठावर आलं होतं. मुलगी पुन्हा खोकली.

तात्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे बिदरकडचा एक बाप, मागे बुरख्यातली एक म्हातारी. नंबर आल्यावर पेल्यात जावा घेतली, बाजूला न होता तिथेच एक घोट प्यायले आणि चेहरा वाकडा केला.

“बेटा, ये उतरता नहीं. गुठली आती. थोडा पानी डालो, छानके देव. और नमक बाद में डालो, पहले नहीं.”

वाढणाऱ्या पोराने पेल्यात पाहिलं. “आप पेशंट हैं क्या अंकल?”

“हौ. गले का.”

“गुठली आ रही क्या सच्ची?”

“उस बच्ची को देख. खाँस रही.”

पोराने मुलीकडे पाहिलं, पळी हलवली, दोन गुठळ्या वर आल्या. त्याने आतल्या दुसऱ्या पोराला तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं. मग तात्यांकडे वळून, जरा काळजीने, विचारलं, “आपका ऑपरेशन कब हुआ?”

“अभी चल रहा है,” तात्या म्हणाले. “तू वो छोड, छन्नी है क्या तेरे पास?”